टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे

२५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून खोल चरात कोसळली आणि सहकाऱ्याच्या त्या गाडीतून प्रवास करणारा ३८ वर्षांचा, घरातील एकमेव कमावता पुरुष जागीच ठार झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, तिच्यासाठी चालकाला दोषी धरता येणार नाही, असा तिचा युक्तिवाद होता. न्या. एस. जी. डिगे यांच्या एकलपीठाने २०२३ साली तो फेटाळला. दैवी आपत्ती म्हणजे माणसाच्या नियंत्रणाबाहेरील नैसर्गिक शक्तींचा प्रकोप. टायर फुटणे त्यात बसत नाही. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुना वापरलेला टायर, वाढलेले तापमान अशी त्याची कारणे असतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे वा मालकाचे काम आहे, असा या निकालाचा आशय आहे.

गोव्यातील न्यायालये याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात, म्हणून हा निकाल आपल्यासाठी परका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले होते. देशातील हे सर्वाधिक प्रमाण. दारात गाडी उभी असणे इतके सवयीचे झाले आहे की, तिचे सर्व्हिसिंग, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. मात्र टायर कोणत्या साली तयार झाले, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. ‘अजून नक्षी दिसते आहे’ एवढ्या एका वाक्यावर टायरचा विषय मिटवला जातो. नक्षी दिसणे आणि टायर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक साधा हिशेब करून पाहावा. साधारण १,००० किलो वजनाच्या गाडीत प्रत्येक चाकावर सरासरी २५० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. म्हणजे एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम ११० चौरस सेंटिमीटर भरतो, टपाल खात्याच्या पोस्टकार्डापेक्षाही थोडा लहान. ब्रेक कितीही उत्तम असोत, एअरबॅगा सहा असोत, गाडी थांबते ती या चार पोस्टकार्डांएवढ्या रबरावरच.

टायरच्या अंगावरचे लेखन

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे हे त्याचे जन्मपत्र असते. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूची उंची, येथे सुमारे १२० मिलिमीटर. आर हे अक्षर टायर रेडियल बांधणीचा असल्याचे सांगते आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. येथवरची माहिती दुकानदार स्वतःच देतो. पुढच्या दोन खुणा मात्र बोलण्यात येत नाहीत. ८८ हा भारांक आहे. तो असलेला टायर योग्य हवेच्या दाबात कमाल ५६० किलो भार पेलू शकतो. ८५ असेल तर ५१५, ९१ असेल तर ६१५. शेवटचे एच हे वेगाचे अक्षर, म्हणजे ताशी कमाल २१० किलोमीटर. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. आपल्या रस्त्यांवर एवढा वेग कोण धरणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हे अक्षर टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही निदर्शक असते. म्हणून नवा टायर घेताना भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरच्या बरोबरीचे किंवा वरचे असावे, खालचे कदापि नसावे. कुटुंबातील सात जण आणि टपावर सामान घेऊन चतुर्थीला गावी जाणाऱ्या गाडीला स्वस्त मिळाला म्हणून कमी भारांकाचा टायर घालणे, ही पैशांची बचत म्हणता येणार नाही.

याच बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या अखेरीस लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे त्या वर्षीचा जून महिना. हे चार अंक बहुधा टायरच्या एकाच बाजूवर असतात. ती बाजू गाडीच्या आत वळलेली असेल तर खाली वाकून किंवा मेकॅनिककडून पाहून घ्यावे लागते. गोव्यात या चार अंकांचे महत्त्व इतर राज्यांपेक्षा अधिक आहे. आपली अंतरे लहान आहेत. पणजी ते म्हापसा, फोंडा ते मडगाव अशा फेऱ्यांत किंवा बाजार आणि देवळापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीत वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरही होत नाहीत. त्यामुळे खाचा झिजण्यापूर्वी रबर म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी रबर कडक पडते, बाजूवर केसासारख्या बारीक भेगा उमटतात आणि आतल्या थरांची एकमेकांवरील पकड सैल होते. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, तो कितीही नवा दिसला तरी, काढून टाकावा, अशी मोठ्या उत्पादकांची सर्वसाधारण शिफारस आहे. उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने दहाव्या वर्षापर्यंत थांबू नये, असे आम्हास वाटते.

स्टेपनीलाही हाच नियम. ती कधी वापरली नाही म्हणून नवी राहत नाही. गाडीबरोबर आलेली आठ-दहा वर्षांची स्टेपनी लावून रात्री अनमोड घाट उतरणे हा धोकाच आहे. जुलै २०२० मधील केंद्राच्या अधिसूचनेनंतर ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीविना रस्त्यावर येण्याची मुभा मिळाली आहे. गाडी विकत घेताना डिकीतील गालिचा उचलून खाली नेमके काय आहे ते पाहून घ्यावे. देवास जिल्ह्यातील उदयनगरसारख्या आडवळणाच्या गावी जायचे असो किंवा आपल्या सत्तरीतील आतल्या वाड्यावर, टायरची बाजूच चिरली गेली तर दुरुस्तीच्या संचातील द्रावण निरुपयोगी ठरते.

हवा: सर्वांत स्वस्त विमा

टायर फुटण्याच्या कारणांत कमी हवा हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. फुगा जास्त हवेने फुटतो या बालपणीच्या अनुभवावरून आपण टायरलाही तोच नियम लावतो. प्रत्यक्षात हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. तारेचा तुकडा वारंवार वाकवला तर जसा गरम होतो, तसेच हे आहे. ताशी ८० च्या वेगात ही क्रिया सेकंदाला दहा-बारा वेळा घडते. त्यातून आतली उष्णता वाढत जाते, थर सुटू लागतात आणि तासभर सुरळीत धावलेला टायर अकस्मात चिंध्या होऊन उडतो. तो फुटतो त्या क्षणी. त्याचे कारण मात्र महिन्यापूर्वी न भरलेल्या हवेत असते.

किती हवा ठेवावी याचे उत्तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यात असते. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असते. तक्त्यात दोन-तीन जणांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला दाबाचा आकडा हा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नव्हे. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनएक तास उभी राहिल्यावर किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालल्यावर. लांबच्या प्रवासात मध्येच मोजल्यास चार-पाच पॉइंट जास्त दिसतील. ते पाहून हवा सोडणे ही फार प्रचलित चूक आहे; टायर थंड झाल्यावर तो कमी हवेचा होऊन बसतो. सुस्थितीतील टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पॉइंट हवा जाते. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, स्टेपनीसह, हवा पाहावी. पेट्रोल पंपांवर हवा विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पंपावरील यंत्राच्या काट्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नये; काही शे रुपयांत मिळणारा दाबमापक गाडीत ठेवणे उत्तम. नव्या गाड्यांतील इशारा देणारा दिवा साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्सा हवा कमी झाल्यावरच लागतो. ३२ च्या टायरमध्ये २५ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो.

नायट्रोजनविषयी फार विचारणा होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन किंचित सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढाच त्याचा लाभ. विनामूल्य मिळाल्यास भरावा. परंतु नायट्रोजन भरला म्हणून महिना-महिना दाब न पाहणाऱ्या गाडीपेक्षा नियमित साधी हवा भरणारी गाडी अधिक सुरक्षित. नायट्रोजनच्या टायरमध्ये वाटेत साधी हवा घातल्यानेही काही बिघडत नाही.

पावसाचे चार महिने

गोव्यात टायरची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि रबराचा चुरा पहिल्या सरीत भिजून निसरडा लेप तयार होतो. पुढे मुसळधार पावसात रस्त्यावर पाण्याचा थर उभा राहतो. टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. समोरचे पाणी बाजूला लोटून रबराला रस्त्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम. वेग वाढला आणि पाणी हटवायला वेळ पुरला नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलके पडते आणि ब्रेकचा उपयोग उरत नाही.

हे नेमके कोणत्या वेगाला घडते, याचा अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या धावपट्टीसंदर्भात केला. त्यातून निघालेले सूत्र हवेच्या दाबावर आधारलेले आहे. ते मोटारीला लावले तर ३२ पीएसआय हवा असलेला टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागेल, तर २४ पीएसआय असलेला सुमारे ८२ किलोमीटरला. मोटारीच्या टायरचे वर्तन विमानाच्या टायरहून वेगळे असते आणि गुळगुळीत टायर याच्याही आधी तरंगू शकतो; तरी दिशा स्पष्ट आहे. हवा कमी झाली की ओल्या रस्त्यावरील सुरक्षित वेगही खाली येतो. वाहनचालक नेमका उलटा विचार करतात. ‘पावसात पकड वाढावी म्हणून हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्ला आजही पंक्चरच्या दुकानांत ऐकायला मिळतो. चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटेसाठी त्यात तथ्य आहे, डांबरी महामार्गासाठी नाही. (किनाऱ्यावरील वाळूत मोटार नेणे गोव्यात गुन्हा आहे, हे पर्यटकांना पुन्हा सांगावेसे वाटते.)

कायद्याचे म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असल्या पाहिजेत. दुचाकी आणि तीनचाकींसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. मोजण्यासाठी उपकरण नसले तरी चालते. टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरे असतात. त्या रेषेत मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिसतात. खाचा झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आल्या की टायर कायद्यानेही बाद. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि ओल्या रस्त्यावरील पकड ३ मिलिमीटरच्या खाली वेगाने ढासळते. म्हणून आपल्यासारख्या पावसाळी प्रदेशात १.६ ची वाट पाहू नये. एप्रिल-मेमध्ये खाचा ३ मिलिमीटरवर आल्या असतील तर नवे टायर जूनपूर्वी घ्यावेत. दिवाळीपर्यंत ढकलून मिळणाऱ्या चार-पाच महिन्यांत ते टायर सर्वांत कठीण रस्त्यांवर चालणार असतात.

ओल्या रस्त्यावरील पकड, आवाज आणि इंधन खाणारा घर्षणरोध यांचे किमान निकष भारतात टायरना सक्तीचे झाले ते अलीकडेच. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या आणि २०२३ मध्ये आधीच्या रचनेच्या टायरना ते लागू झाले. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनचाचणी केंद्र आहे. त्याची ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणीपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. ब्रेकची चाचणी निरनिराळ्या पकडीच्या पृष्ठभागांवर घेण्याची सोय तेथे आहे. पवारांच्या जुन्या मराठी संस्थानाच्या या भूमीत ब्रिजस्टोनचा टायर कारखानाही आहे, तसा आपल्याकडे उसगावला एमआरएफचा. टायर बनवणारा कारखाना फोंडा तालुक्यात असूनही त्याच्या बाजूवरची अक्षरे वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नाही, हे जरा आश्चर्याचे आहे. काही टायरवर इंधनबचतीचे तारेही दिसतील. ते पाहून घ्यावेत. मात्र जास्त तारे म्हणजे पावसात जास्त पकड असा अर्थ काढू नये. आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊच नये. ते देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरना बंधनकारक आहे.

झीज काय सांगते

टायर कसा झिजला आहे, हे पाहून गाडीचा आजार ओळखता येतो. मधला पट्टा अधिक झिजला तर हवा जास्त ठेवली जात होती. दोन्ही खांदे झिजले तर कमी. एकाच बाजूने, विशेषतः आतल्या कडेने झीज असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. आतली झीज उभ्याने दिसत नाही. पुढचे चाक पूर्ण वळवून पाहावे. बाहेरून निम्मी नक्षी शिल्लक असलेल्या टायरच्या आतल्या कडेला तारा उघड्या पडल्याचे आढळते. ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज ही बहुधा शॉक अॅब्सॉर्बर थकल्याची खूण असते. साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल, आणि मोठा खड्डा जोरात बसल्यास लगेच अलाइनमेंट तपासणे, ही शिस्त पाळली तर चारही टायर जवळपास सारखे झिजतात.

खड्ड्याने होणारी दुखापत अनेकदा दोन-चार दिवसांनी दिसते. टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगवटा आला असेल तर आतील दोरे तुटले आहेत आणि हवा केवळ वरच्या रबराने अडवली आहे, असे समजावे. यावर दुरुस्ती नाही. ‘बघू, अजून महिनाभर चालेल’ हे वाक्य येथे जिवावर बेतू शकते. स्टेपनी लावून सावकाश दुकान गाठावे.

पंक्चरची दुरुस्ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागात, आणि छिद्र सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच विश्वासार्ह ठरते. रस्त्याकडेला बाहेरून खुपसली जाणारी दोरी ही तात्पुरती सोय आहे. टायर रिमवरून उतरवून, आतून पाहून, छत्रीच्या आकाराचा पॅच बसवणे ही पक्की दुरुस्ती. टायर उतरवण्याचा आणखी एक लाभ असा की, हवा गेलेल्या अवस्थेत गाडी थोडी जरी चालली असेल तर बाजूच्या आतील भागाचा चुरा झालेला दिसतो. तसा टायर बाहेरून धडधाकट वाटला तरी बाद करावा. बाजूवर पंक्चर झालेल्या ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. घरापर्यंत पोहोचण्यास ती चालेल, पण महामार्गावर वेगात जाण्यासाठी नाही. दुखावलेली बाजू ट्यूबमुळे बरी होत नाही.

वापरलेले टायर विकत घेताना तर दुप्पट सावध राहावे. झिजलेल्या रबरात गरम पात्याने नव्या खाचा कोरून, काळा रंग लावून ते विकले जातात. खाचा खोल दिसतात, परंतु तळाशी तारांवरचे रबर कागदासारखे पातळ झालेले असते. झिजदर्शक उंचवटे अशा टायरवर मध्येच कापलेले किंवा नाहीसे झालेले दिसतात. ओळखण्याची ही सोपी खूण. न्यायालयाने टायर फुटण्याच्या कारणांत वापरलेल्या टायरचा उल्लेख केला आहे, तो याचसाठी. भाड्याने मोटारी देणाऱ्या आपल्याकडील व्यावसायिकांनी हा निकाल विशेष लक्षपूर्वक वाचावा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी अनोळखी चालकाच्या हाती, अनोळखी रस्त्यावर जाते. तिच्या टायरची जबाबदारी मालकाला झटकता येणार नाही.

समृद्धीचा धडा

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि त्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा महाराष्ट्रभर सुरू झाली. काँक्रीटच्या रस्त्याला दोष देण्यात आला. एरवी खड्डे, गतिरोधक, चौक यांमुळे सक्तीने विश्रांती घेणारा टायर तेथे दोन-दोन तास अखंड १००-१२० च्या वेगात धावू लागला, हे कारण अधिक पटणारे आहे. गावातल्या वेगात वर्षभर निभावून नेणारा म्हातारा टायर अशा रस्त्यावर तासाभरात उघडा पडतो. परिवहन विभागाने पुढे प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्यास सुरुवात केली, हे योग्यच झाले. जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला आहे आणि गोव्याहून विदर्भात जाणाऱ्या अनेकांच्या वाटेत त्याचा काही भाग येतो.

मात्र प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा टायर फुटल्याचे प्रथम सांगण्यात आले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. फुटलेला टायर त्याच्या कारणाची साक्ष अंगावर घेऊन राहतो: हवा कमी होती की घाव बसला, वय झाले होते की अपघातानंतर तो फाटला, हे जाणकाराला वाचता येते.

चालत्या गाडीत टायर फुटलाच, तर पहिली प्रतिक्रिया ब्रेकवर पाय दाबण्याची होते. ती आवरावी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटर सावकाश सोडावा, वेग आपोआप उतरू द्यावा, आणि तो बऱ्यापैकी खाली आल्यावरच हलका ब्रेक लावत धोक्याचे दिवे लावून कडेला जावे. प्रवाशांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे राहावे. चाक बदलताना मागून येणाऱ्या वाहनाने उडवल्याचे प्रकार नवे नाहीत.

बदलताना

चारही टायर एकदम बदलणे सर्वांना परवडत नाही. दोनच घ्यायचे असतील तर ते एकाच अॅक्सलवर, एकाच बनावटीचे असावेत, आणि मागच्या चाकांना बसवावेत. हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढली आणि वळवली जाते, तर नवे टायर पुढेच हवेत, असा सार्वत्रिक समज आहे. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. पाय उचलला की ती बहुतेक वेळा पुन्हा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. चोर्ला किंवा करमल घाटातील वळणांवर हा फरक फार महागात पडतो. दुकानदार पुढे लावू लागला तर आपण आग्रहाने मागे लावून घ्यावेत.

टायर रुंद करून घेण्याची हौस वाढली आहे. थोडी रुंदी वाढवल्याने कोरड्या रस्त्यावर पकड सुधारतेही. पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि चाकाचा एकूण व्यास बदलला तर वेगदर्शक काटा चुकीचा आकडा दाखवतो. तक्त्यावर दिलेल्या आकारांपैकी एक निवडावा. बाहेरचा आकार घेतल्यास विम्याच्या दाव्यात प्रश्न उपस्थित होऊ शकतो. सर्वसाधारण विमा पॉलिसीत नुसत्या टायरचे नुकसान भरून मिळत नाही. अपघातात गाडीबरोबर टायर खराब झाला तरच नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. खड्ड्यात टायर गमावण्याची भीती असणाऱ्यांनी वेगळे टायर संरक्षण विचारून घ्यावे, त्याच्या अटी वाचून.

दुकानात टायर बसवण्यापूर्वी ते चार अंक स्वतः पाहावेत. सहा महिन्यांपूर्वी तयार झालेला, सावलीत ठेवलेला टायर नवाच असतो. तीन वर्षे दुकानात पडून राहिलेला मोठ्या सवलतीतही घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिल मागून घ्यावे आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. हमीचा दावा त्याशिवाय उभा राहत नाही. टायरबरोबर रबरी वॉल्व्हही बदलावा आणि बॅलन्सिंग, अलाइनमेंट करूनच दुकानातून निघावे.

काढलेले जुने टायर बहुतेक जण दुकानातच सोडतात. सोडताना त्यांची बाजू समोर कापून घेण्यास सांगावे, म्हणजे खाचा कोरून ते पुन्हा कोणाच्या गाडीला लागणार नाहीत. जुलै २०२२ पासून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे, त्यामुळे हे टायर नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे. घरी आणायचेच असतील तर परसात उघड्यावर ठेवू नयेत. टायरच्या पोकळीत साचलेल्या ओंजळभर पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, आणि तो टायर उपडा घातला तरी थोडे पाणी आत राहतेच. तळाशी दोन-तीन मोठी भोके पाडावीत.